भरीव आवाज

१

ओतारी कुणाशी फारसा बोलत नसे, आणि बोलला की समोरच्याला वाटे, नसता बोलला तर बरं झालं असतं. त्याला ही नोकरी मिळाली ती याच गुणावर. उभा जन्म साचे करण्यात गेलेला. खांबांची टोकं, कारंज्याची तोंडं, बागेतले सिमेंटचे बगळे, मागाल ते ओतून दिलेलं. हात थकायला लागले तेव्हा पुतणीने त्याला आपल्या संस्थेत चिकटवून घेतलं.

पुतणी तिथली शास्त्रज्ञ. आभाळात जे दगड भटकतात, ज्या चंद्रांवर बर्फाचं कवच आहे, त्यांच्या पोटात काय आहे ते बाहेरून ओळखायचं, हा तिचा उद्योग.

"आत काय आहे ते आत जाऊन बघावं," ओतारी पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"जाता येत नाही ना, काका. म्हणून बाहेरून ठोकायचं आणि ऐकायचं."

"कलिंगडवाल्यासारखं."

"अगदी तसंच. फक्त कलिंगड कोट्यवधी मैल लांब आहे."

"आणि कच्चं निघालं तर परत कुणाला करणार?"

एक जहाज अशाच एका दगडाकडे निघालेलं होतं. त्याच्या पोटाशी एक घडीचं यंत्र होतं, त्याला सगळे ठोक्या म्हणत. ठोक्याने दगडावर उतरायचं, ठिकठिकाणी ठोकायचं आणि आतून काय आवाज येतो तो इकडे पाठवायचा. पुतणीचा सारा जीव त्या ठोक्यात. पण तो खरं ऐकतो की भलतंच, हे आधी जमिनीवर पारखून घ्यायला नको? त्यासाठी गोळे. गोळे ओतारी भरणार आणि पुतणी ऐकणार.

रीत अशी. ओताऱ्याने सिमेंटच्या दोन मोठ्या वाट्या ओतायच्या, आत मनाला येईल ते भरायचं. कधी खडी, कधी वाळू, कधी मुद्दाम एखादी पोकळी. वरून राळ सोडायची, ती घट्ट बसली की वाट्या जोडायच्या. मोठ्या भोपळ्याएवढा गोळा झाला की तो दोन दारांच्या कपाटात ठेवायचा. कपाट भिंतीत बसवलेलं. एक दार ओताऱ्याच्या खोलीत, दुसरं पुतणीच्या. एक उघडं असलं की दुसरं हलत नाही. आत हाडं गोठतील अशी थंडी, कारण आभाळातले दगड थंड असतात. गोळा तिथे गारठू द्यायचा, मग पुतणीने पलीकडून काढून घ्यायचा, त्यावर ठोक्याचा जुळा भाऊ बसवायचा आणि ऐकायचं.

गोळा भरायला घेतल्यापासून निकाल लागेपर्यंत काका-पुतणीने एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, हा नियम. रस्त्यात समोरासमोर आले तरी दोघं तोंड फिरवून जात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची खात्रीच झाली होती की यांचा घरावरून तंटा चाललाय. त्याने एकदा मध्ये पडायचं ठरवलं. "पोरगी आहे, चुकली असेल, तुम्ही मोठे आहात," वगैरे सुरू केलं. ओतारी म्हणाला, "साबण दे. तेवढंच दे."

निकालाच्या दिवशी मोठे साहेब मधे बसत. आधी पुतणीने सांगायचं, काय ऐकलं. मग ओताऱ्याने सांगायचं, काय भरलं. दोघांचं जुळलं तर गोळा फोडायचा नाही, फळीवर जपून ठेवायचा, पुढे कधी यंत्र तपासायला. जुळलं नाही तर करवत. साहेबांनी सुरुवातीला म्हणून बघितलं, काय भरलं ते लिहून बंद पाकिटात द्या. ओतारी म्हणाला, "मला लिहिता येतं ते सहीपुरतं. शब्दावर भरवसा नसेल तर दुसरा माणूस बघा." साहेब हसले. फटकळ माणूस खोटं बोलत नाही असा लोकांचा एक समज असतो. साहेबांचाही होता.

२

तो गोळा ओताऱ्याने ठासून भरला होता. खडी, बारीक वाळू, मधे बोटाने दाबून दाबून राळ. कपाटात ठेवण्याआधी सवयीने बोटाच्या पेराने चहूकडून ठोकून पाहिला. जन्मभराची खोड ती. ओतलेलं काहीही त्याने ठोकल्याशिवाय हातावेगळं केलं नव्हतं. आवाज भरीव. ठस्स.

निकालाला पुतणी म्हणाली, "मध्यभागी पोकळी आहे. दोन मुठींएवढी, लांबट."

"नाही," ओतारी म्हणाला. "ठासून भरलाय."

"काका, नीट आठवा ना."

"आठवायचं काय त्यात? मी जेवलो की नाही ते विसरेन, काय भरलं ते नाही विसरायचा."

करवत चालवणारा माणूस अंगाने अघळपघळ आणि तोंडाने त्याहून. सगळे त्याला करवत्या म्हणत. त्याने गोळा शिकंज्यात आवळला. "चला, सासर खरं की माहेर, आत्ता कळतंय," म्हणाला आणि पातं सोडलं.

गोळ्याच्या दोन फाका झाल्या. आत राळेत रुतलेली खडी ओली चमकत होती. सुई शिरेल एवढंही भोक कुठे नव्हतं.

पुतणीचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, होतं असं. सुट्टीच्या दिवशी ती काकाकडे जेवायला आली, तेव्हा पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाली, "आवाज स्पष्ट होता, काका. शपथ."

"तुझ्या यंत्राला पडसं झालंय."

ती हसली. मग बराच वेळ हसली नाही.

३

पुढच्या गोळ्याच्या वेळी ओताऱ्याने कपाटाचं दार उघडलं. आत काही नव्हतं. त्याने फडक्याने फळी पुसली, आणि पुसता पुसता बोटाचं पेर सहज आतल्या पत्र्यावर आपटलं.

ठस्स.

तो थांबला. पत्र्याचं कपाट, तेही रिकामं. टण् असं वाजायला हवं. त्याने पुन्हा ठोकलं. वर ठोकलं, खाली ठोकलं, पाठीमागे ठोकलं. सगळीकडून एकच आवाज. अख्ख्या शिळेवर ठोकावं तसा. आणि हात तर आत मोकळा फिरत होता.

आता माणूस काय करतो? कारण शोधतो. ओताऱ्यानेही शोधलं. पत्र्यामागे थंडी धरून ठेवायला काहीतरी भरलेलं असणार, त्यामुळे आवाज दबतो. बरोबर आहे. पण मग तो पूर्वीही दबत होता का? पूर्वी कधी ठोकलं होतं का आपण? आठवेना. आपण आता म्हातारे झालो, बोटांना मांस राहिलं नाही, कानात मळ आहे, अशी सगळी कारणं त्याने एकावर एक रचली, त्यावर गोळा ठेवला आणि दार लावलं. गोळ्याची जी बाजू त्याच्या दाराकडे येई तिच्यावर तो खडूने एक फुली मारत असे. तीही मारली.

निकालाला पुतणी उभी राहिली ती हातांची घडी घालून, थंडी वाजल्यासारखी.

"पोकळी आहे. या वेळी मध्यावर नाही, बाजूला सरकलीय. पण तीच आहे."

"तीच म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"मापाने तीच. आकाराने तीच. एक टोक निमुळतं आहे, तेसुद्धा."

"अहो, गोळा दुसरा आहे. पोकळी तीच कशी असेल?"

ओतारी म्हणाला, "ठासून भरलाय," आणि करवत्याने गोळा शिकंज्यात घेतला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. फाका वेगळ्या झाल्या, आत जात्याच्या तळीसारखं घट्ट. करवत्याने वाकून बोट फिरवलं आणि बोट पँटला पुसलं.

साहेब म्हणाले, "आणखी एक गोळा. तोही चुकला तर मी ठोक्याला खाली सोडू शकत नाही. जहाज फोटो काढून पुढे निघून जाईल. मला वर उत्तर द्यायचंय."

सगळे पांगले तेव्हा ओतारी पुतणीच्या मागे गेला. निकाल लागला होता, बोलायला बंदी नव्हती.

"सरकलीय म्हणालीस. कुठल्या बाजूला?"

"खडूच्या फुलीकडे," ती म्हणाली.

४

त्या संध्याकाळी ती न सांगता त्याच्या घरी आली. बुटाचे बंद न सोडताच पलंगाच्या कडेला बसली. ओताऱ्याचा भाऊ गेला तेव्हा ही एवढीशी होती. ओताऱ्याच्या कारखान्यातल्या गोण्यांवर झोपायची, केसात पांढरी भुकटी घेऊन शाळेत जायची. पोरं तिला म्हातारी म्हणून चिडवत. आता खरंच केस पांढरे व्हायला लागले होते.

"त्या ठोक्यापायी मी काही म्हणजे काही केलं नाही, काका. लग्न नाही, घर नाही. लोक सहलीला जातात, मी गोळे ठोकते."

"मग सोड."

"सोडून काय करू? बगळे ओतू?"

"बगळे वाईट नसतात. पडून राहतात गुमान."

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यात विरलं. "एक सांगू? पोकळीला कडा असते. दगड संपला, हवा सुरू झाली, असा आवाज एकदम तुटतो. हिची कडा तुटत नाही. मऊ आहे."

"मऊ म्हणजे कशी?"

तिने बुटाचा बंद उगाच ओढला. "म्हणजे जाऊ दे. पुढच्या गोळ्यात काय भरणार ते मी विचारत नाही. तुम्हीही सांगू नका."

"सांगतोय कोण तुला."

ती गेल्यावर ओताऱ्याने भाकरतुकडा तसाच झाकून ठेवला. नियमाप्रमाणे गोळ्यात काय भरायचं हा त्याचा हक्क. पोकळी भरायची म्हटली तरी त्याचाच. तिला पोकळी ऐकू येते ना? मग ती जिथे ऐकू येते तिथे करून ठेवली की झालं. तिचं खरं, आपलंही खरं. लबाडी म्हटली तर आहे, नाही म्हटली तर नाही. त्याला स्वतःवरच राग आला, आणि राग आला की त्याचे हात नेहमी कामाला लागत.

५

तिसऱ्या गोळ्यासाठी त्याने प्लॅस्टरचं पातळ कवच वळायला घेतलं. त्याच्या पोटातली हवा तीच पोकळी. दोन मुठींएवढी, लांबट, एक टोक निमुळतं. माप घ्यावंच लागलं नाही. तळहात आपोआप वळत गेले, इथे दाब, तिथे सोड, जणू पूर्वी शंभरदा केलेलं. वळून झाल्यावर त्याने ते फडक्यावर ठेवलं आणि जरा लांबून बघितलं. लांबून ते कवच वाटेना. कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन, पाठ करून पडलंय तसं वाटलं. त्याने पटकन उचलून वाटीत बसवलं, खडूची फुली येणार त्या बाजूला, आणि वरून खडी लोटली.

राळ बसली. वाट्या जुळल्या. सगळीकडे ठोकलं तर ठस्स, फुलीवर ठोकलं तर डब्ब. झकास पोकळ.

कपाट उघडलं. फळी रिकामी. ठोकायचं नाही असं ठरवून आला होता, तरी ठोकलंच. ठस्स. रिकामं कपाट दगडासारखं भरलेलं.

त्याने गोळा आत ठेवला आणि दार लोटलं. दार बसलं तसा आतून आवाज आला. मोठा नव्हे. दमलेलं माणूस खुर्चीत टेकतं, मागे रेलतं, आणि खुर्ची त्याचा भार ओळखून घेते, तेवढाच. मग काही नाही.

ओतारी दाराला कान लावून उभा राहिला. कान गारठून बधिर झाला. शेवटी त्याने दार पुन्हा उघडलं. गोळा होता तसाच, फुली समोर. त्याने पत्र्यावर ठोकलं.

टण्.

पत्रा पत्र्यासारखा वाजला. रिकामं कपाट रिकाम्यासारखं वाजलं. याचा आनंद व्हायला हवा होता. त्याने हात लांब केला आणि फुलीवर पेर आपटलं.

ठस्स.

राळ, तो मनाशी म्हणाला. कवच कुठेतरी तडकलं, ओली राळ आत उतरली, पोकळी बुजली. नवशिक्याच्या हातून होतं असं. आपल्या हातून कधी झालं नव्हतं, आज झालं. एवढंच. पण राळ तर सकाळीच बसलेली होती. त्यावर त्याने विचार केला नाही. दार लावून घरी गेला, आणि रस्त्यात दुकानदाराने "मिटलं का?" विचारलं तर त्याला शिवीसुद्धा दिली नाही. दुकानदार काळजीत पडला.

६

निकालाला खोली भरली होती. कुठून कुठून माणसं येऊन भिंतीला टेकून उभी. गोळा टेबलावर, फुली ओताऱ्याकडे. करवत्या बाजूला पातं पुसत होता.

पुतणी म्हणाली, "भरीव. पोकळी नाही."

तिचा आवाज कोरडा होता. तिला वाटत होतं, या वेळी नेमकी पोकळी असेल आणि ती ऐकू आली नाही म्हणजे आपण हरलो. तीच पोकळी तिसऱ्यांदा ऐकू येईल म्हणून ती जीव मुठीत धरून ऐकत बसली होती, आणि या वेळी कानाला काही लागलंच नव्हतं.

साहेब वळले. "ओतारी?"

पोकळ आहे म्हटलं की करवत. करवत चालली की एकतर आत पोकळी निघणार, म्हणजे पोरीचं यंत्र चुकलं, तिसरी चूक, संपलं सगळं. नाहीतर आत पोकळी निघणार नाही. मग काय निघेल? फुलीच्या बाजूला, दोन मुठींएवढं, पाठ करून पडलेलं? ओताऱ्याने पात्याकडे बघितलं. पात्याचे दात नुकतेच धार लावल्यासारखे लखलखत होते.

"ठासून भरलाय," तो म्हणाला. "पोकळी नाही."

टाळ्या पडल्या. पुतणीने त्याचा दंड धरला, तिची नखं सदऱ्यातून रुतली, आणि ती रडायला लागली. साहेब म्हणाले, "ठोक्याला सोडा खाली." कुणीतरी खुर्च्या सरकवल्या, सगळे एकदम बोलायला लागले.

करवत्याने गोळा फळीवर ठेवायला उचलला आणि दोन पावलं जाऊन थांबला. "ओतारीबुवा, वजनाला हलका आहे हो तुमचा भरीव."

"तुझ्या अंगात ताकद आली असेल. ठेव तो."

७

ठोक्या दगडावर उतरला. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून ओताऱ्याला ऐकण्याच्या खोलीत मज्जाव राहिला नाही. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर पडे, चहाचे कप वाळत, आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर तो दगड दिसे. भाजलेल्या बटाट्यासारखा, वाकडातिकडा.

असे दगड बहुधा अखंड नसतात, पुतणीने त्याला सांगितलं. पूर्वी कधी फुटलेल्या तुकड्यांचा ढीग, एकमेकांना जेमतेम धरून. निम्मं पोट रिकामं. जहाज त्याच्याभोवती फिरताना किती ओढलं जातं त्यावरून त्याचं वजन कळतं. तेही तसंच सांगत होतं, एवढ्या आकाराच्या मानाने हा फार हलका आहे, निम्मा पोकळ असणार.

ठोक्याचं उत्तर आलं, भरीव. सालीपासून गाभ्यापर्यंत, कुठे फट नाही.

भांडणं झाली. वजन म्हणे पोकळ, कान म्हणे भरीव. साहेबांनी टेबलावर हात ठेवला. "कान बरोबर आहे. गोळ्यावर सिद्ध झालंय. ओताऱ्याचा शब्द आहे." तिथेच सगळ्यांची तोंडं बंद झाली. हलकाही आणि भरीवही, म्हणजे जगात कुणी न पाहिलेलं काहीतरी आत भरलंय. मग ते बघायलाच हवं. जहाजावर एक सुरुंग होता. दगड ढिगासारखा असता तर सुरुंगाने उडालेले तुकडे जहाजालाच लागले असते, म्हणून तो वापरायचा नाही असं ठरलं होतं. पण हा तर अखंड. भीती नाही. भोक पाडायचं आणि आत डोकवायचं.

पुतणीचा चेहरा उजळला होता. तिने ओताऱ्याच्या कानांवर हेडफोन चढवला. "ऐका. माणसाच्या कानाला झेपेल असा करून घेतलाय."

ठक्, ठोक्याने ठोकलं.

मग काही नाही. मग, आता काही येतच नाही म्हणेपर्यंत, आतून आवाज आला. ठस्स.

ओताऱ्याने हेडफोन काढला. "उशीर का लागतो?"

"केवढा मोठा दगड आहे, काका. आवाजाला जाऊन यायला वेळ लागणारच." मग तिने आवाज खाली आणला. "तो वेळ धरूनसुद्धा थोडा उशीरच होतो. तुमच्या तिसऱ्या गोळ्यालाही झाला होता. मी म्हटलं थंडीमुळे असेल."

"कसला उशीर?"

तिने जरा विचार केला. "आपण कुणाच्या दारात जाऊन हाक मारतो. तो घरातच असतो. पण ओ द्यायची की नाही ते आधी ठरवतो. तसला."

८

सुरुंगाचा हुकूम जायच्या दिवशी ओतारी सकाळीच तिच्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं.

"पोरी, तो दगड फोडू नका."

"झालं का तुमचं सुरू? परवा म्हणालात चहात माती आहे."

"तिसरा गोळा पोकळ होता."

ती हातातलं काम तसंच धरून बसली.

"मी स्वतः पोकळी केली होती. तुझ्या पोकळीएवढी, तिच्याच जागी. म्हटलं तुझं बरोबर येईल. तुला भरीव ऐकू आलं, तर मीही भरीव म्हणालो."

"राळ उतरली असेल आत," ती सावकाश म्हणाली.

"मीही आधी तेच म्हटलं."

"खोटं बोललात माझ्यासाठी?"

"हो. आणि करवत लावायला नको म्हणूनसुद्धा."

"का नको?"

"उशीर तू ऐकलायस. मला कशाला विचारतेस?"

तिने डोळे मिटून घेतले. ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, तर बरं होईल असं त्याला वाटत होतं. ती उठली, केस सारखे केले आणि साहेबांच्या खोलीकडे गेली. मधे काचेची भिंत. बोलणं ऐकू येत नव्हतं, दिसत होतं तेवढं. साहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. एकदा त्यांनी काचेतून ओताऱ्याकडे बघितलं. बघणं रागाचं असतं तर चाललं असतं. ते फसलेल्या माणसाचं बघणं होतं.

ती परत आली. "सुरुंग रद्द. ठोक्यालाही आज बंद करतायत. खोटं ऐकणारं यंत्र कशाला चालू ठेवायचं? आणि उद्यापासून मी यायचं नाही."

"माझं काय ते कर, पण शिव्या दे आधी."

"देणार आहे. पोटभर देणार आहे." ती दाराकडे वळली. "चहा घेऊन येते, मग देते."

९

ऐकण्याच्या खोलीत दोघंच होती. बाकीचे आपापल्या खोल्यांत, दारं लावून. बंद करायच्या आधी ठोक्या नेमाप्रमाणे शेवटची फेरी मारत होता, एकेका जागी ठोकत. पुतणीने चहा प्यायला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. ती नुसती स्क्रीनकडे बघत होती. तिथे एकेक रेघ उमटून दगडाचं पोट पुन्हा काढलं जात होतं. कुणाला नको असलेलं चित्र.

मग ती पुढे सरकली.

"पोकळ."

"तेच तर सांगितलं तुला."

"गोळा नाही, काका. दगड." तिने बोट दाखवलं आणि बोट स्क्रीनपासून लांबच ठेवलं. "काल भरीव होता. आज नुसती साल आहे. आत काही नाही. ढिगारा नाही, फटी नाहीत, काही म्हणजे काही नाही. एकच पोकळी. सालीला लागून."

"सुरुंग उडाला की काय?"

"नाही. हुकूमच गेला नाही. बघा ना." तिने जहाजावरून आलेला फोटो लावला. भाजलेल्या बटाट्यासारखा दगड, होता तसा. भोक नाही, भेग नाही, भोवती धुळीचा कण नाही. "कुणी बोट लावलं नाही त्याला. आपण फोडला नाही ना, काका?"

"नाही."

"मग गेलं कुठे?"

ओताऱ्याचं बोट ठोकायला टेबलाकडे गेलं आणि न ठोकताच मागे आलं.

"इथवर पोचायला संदेशाला वेळ लागतो," ती म्हणाली, स्वतःला समजावल्यासारखी. "म्हणजे हे आत्ताचं नाही. मघाचं आहे."

"किती मघाचं?"

तिने हिशेब केला असावा. तिचे ओठ हलले आणि थांबले. "तुम्ही मला गोळ्याचं सांगत होतात तेव्हाचं."

बाहेर कॉरिडॉरमधून कुणीतरी चालत गेलं. दोघांनी दाराकडे बघितलं. करवत्या होता. त्याने दाराच्या काचेतून हात केला, पुतणीनेही यंत्रासारखा हात केला. त्याची पावलं पडताना दिसत होती. ओतारी ती बघत होता आणि काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत होतं, काय ते कळत नव्हतं.

"काका, काहीतरी बोला. तुमची शांतता मला नको आहे आज."

"चहा पी," तो म्हणाला. "निवला."

तिने मान हलवली. कप उचलला, ओठांपर्यंत नेला, घोट न घेताच खाली आणला आणि टेबलावर ठेवला. ओताऱ्याने कप टेकलेला बघितला. तिची बोटं कपाच्या कानातून सुटली, हात मांडीवर गेला.

मग कप टेकल्याचा आवाज आला. ठस्स.